मंजूषाने न पाहिलेलं शहर

१

संहिताला शाळेत सोडून सायकलवरून घरी परतलं की मंजूषा आधी चहा टाकायची, ओटा आवरायची आणि कप घेऊन माळ्यावर जायची. नेदरलँड्समधल्या आल्मेरे गावातल्या त्यांच्या घराला मजले तीन, पण प्रत्येक मजल्यावर जेमतेम दीड खोली. सगळ्यात वर, उतरत्या छपराखाली, एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन आणि दुसऱ्या कोपऱ्यात कॉम्प्युटर. जिना इतका उभा, की चहा न सांडता वर पोचणं ही एक कलाच होती. दोन वर्षांत तिला ती साधली होती. दुसरं फारसं काही साधलं नव्हतं.

पुण्यात ती कॉलेजात इतिहास शिकवायची. सारंगला इथली नोकरी लागली आणि तिच्या ओळखपत्रावर ‘नवऱ्यावर अवलंबून’ अशा अर्थाचा शब्द उमटला. तेव्हापासून तिला कोणी काही विचारलंच नव्हतं. म्हणून २००६च्या गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या गुरुनाथकाकांनी सगळ्यांसमक्ष तिला विचारलं, तेव्हा तिचे कान तापले.

झालं होतं असं, की सारंगच्या कंपनीचं काही काम युक्रेनमध्ये चालायचं. तो वसंत ऋतूपासून तिकडे ये-जा करत होता आणि सुट्टीच्या दिवशी जवळच्या कामेनेत्स-पोदिल्स्की नावाच्या जुन्या गावाला जायचा. त्याने तिथले फोटो काकांना दाखवले. काका हरखले. “काय किल्ला आहे हो! दिवाळीनंतरच्या मेळाव्यात हेच दाखवू पडद्यावर. आणि बोलायला आपल्या मंजूषाताई. बोलाल ना?”

ती बोलणार होती. लायब्ररीतून तिने पुस्तकं आणली आणि ते शहर तिला दिसायला लागलं. स्मोट्रिच नदी खडकात खोल दरी कापत त्या गावाला असा वळसा घालते, की गाव जवळजवळ बेटच. एकाच चिंचोळ्या जागी जमिनीचा दुवा उरलेला. तिथे पूल, आणि पुलापलीकडे बुरुजांचा किल्ला. १६७२ साली तुर्कांचा वेढा पडला. किल्ला शरण गेला. कॅथेड्रलची मशीद झाली, शेजारी मिनार उभा राहिला. पुढे तुर्क गेले, मशिदीचं पुन्हा चर्च झालं, पण मिनार कोणी पाडला नाही. त्याच्या टोकावर मेरीची मूर्ती बसवली. ती अजून तिथे उभी आहे, दुसऱ्याच्या मिनारावर.

“मलाही बघायचंय रे ते,” ती एकदा सारंगला म्हणाली होती.

“व्हिसाचं लफडं आहे. संहिताची शाळा. पुढच्या वर्षी बघू,” तो म्हणाला.

तिने ते मानलं. न मानायला काही कारणही नव्हतं.

२

सारंगने सगळे फोटो न चाळताच एका फोल्डरमध्ये टाकून तिला दिले होते. मंजूषा रोज थोडे उघडायची, क्रम लावायची, प्रत्येकापुढे काय बोलायचं ते मनाशी घोळवायची. बाहेर करडं आभाळ, खाली कालव्यातली बदकं आणि समोर पोलिश बाजाराचा चौक, आर्मेनियन मोहल्ल्यातल्या उतरत्या गल्ल्या. दुपार कधी व्हायची कळायचंही नाही.

पुलाच्या फोटोपाशी ती अडली.

फोटो किल्ल्याच्या बाजूने काढलेला. दगडी पूल, मागे गाव. पुलाच्या मध्यावर कठड्याशी एक बाई पाठमोरी उभी होती. खांद्यावर मोहरीच्या रंगाची शाल. तिकडच्या बायका असं काही घेत असतील, असं म्हणून मंजूषा पुढे जाणार होती. पण हात आपोआप फोटो मोठा करायला गेला.

शालीच्या कोपऱ्याला हिरव्या दोऱ्याने रफू केलेलं होतं.

ते रफू तिने स्वतः केलं होतं, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. मोहरी रंगाचा दोरा मिळेना म्हणून हिरवा वापरला होता आणि सासूबाई त्यावरून बोलल्या होत्या.

ती खाली गेली, कपाट उघडलं. शाल जागेवर होती. रफूही होतं. ती कॉटवर बसली आणि स्वतःलाच हसली. सारंगने थंडीसाठी शाल सोबत नेली असेल, तिथल्या कोणा बाईला कुडकुडताना पाहून दिली असेल. माणुसकीच ती. शाल परत ठेवताना मात्र तिच्या लक्षात आलं, की ती नेहमी तीन घड्या घालते आणि ही चार घड्यांत होती.

३

“कुणीतरी टुरिस्ट असेल,” सारंग म्हणाला. तो जेवत होता. फोटो छापून तिने ताटाशेजारी ठेवला होता. त्याने तो पाहिलाच नव्हता.

“बघ तरी.”

“मंजू, दिवसभर स्क्रीनच बघतोय मी.” मग उगाच मऊ आवाजात म्हणाला, “कोशिंबीर मस्त झालीय.”

संहिता एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत होती. सहा वर्षांच्या पोरीच्या चेहऱ्यावर ते जोखणं बरं दिसत नाही.

बाई आहे, मंजूषाने ठरवलं. दुसरी बाई. हे कळण्यासारखं होतं. दुखत होतं, पण कळत होतं. जगात असं होतं, आपल्याही घरात झालं. ऑफिसातली असेल, गोरी, उंच. त्याने तिला बायकोची शाल पांघरायला दिली. या विचाराने तिला एवढा संताप आला, की भांडी घासताना कप फुटला.

दुसऱ्या दिवशी ती खाली स्वयंपाकघरात पोळ्या करत होती आणि वरून आवाज आला. कॉम्प्युटरच्या खुर्चीची चाकं लाकडी जमिनीवर सरकल्याचा. तिने गॅस बंद केला. इथली घरं एकाला एक चिकटलेली, भिंती पातळ. शेजाऱ्यांकडची खुर्ची असेल. मग कुणीतरी बोलायला लागलं, हळू आवाजात, थांबत थांबत, पाठ करताना बोलतात तसं. शब्द कळत नव्हते. पण ठेका कळत होता. वाक्य संपवताना आवाज किंचित वर न्यायची सवय वर्गात शिकवून शिकवून लागते. मंजूषाला ती होती.

शेजारी डच होते. आणि हा ठेका मराठीचा होता.

ती जिना चढली. अर्ध्यावर आवाज थांबला. माळ्यावर कोणी नव्हतं. खिडकी बंद, मशीन बंद. फक्त खुर्चीच्या गादीत बसल्याचा खोलगा होता आणि तो तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू भरून वर येत होता.

४

पूर्णिमा ही तिची इथली एकच जवळची मैत्रीण. आम्स्टरडॅमपलीकडच्या उइटहॉर्नला राहायची. मेळाव्याचा हॉलही तिच्याच घराजवळचा. मंजूषाने तिला फोन लावला. नवऱ्याबद्दल सांगायचं होतं, पण कुठून सुरुवात करावी ते सुचेना.

“बरं झालं केलास,” पूर्णिमाच बोलायला लागली. “अगं, तो भरतकामाचा टॉवेल मी देवाच्या चौरंगावर घातला. काय शोभून दिसतोय!”

“कुठला टॉवेल?”

“वेडी आहेस का? तू दिलेला. युक्रेनचा, लाल-काळ्या दोऱ्याचा. बुधवारी नाही का आलीस, संहिताला घेऊन? किती दिवसांनी एवढ्या गप्पा मारल्यास. ह्यांना मी म्हटलंही, मंजूषा आता रुळली बाई इथे.”

बुधवारी दुपारी इथल्या शाळा लवकर सुटतात. पण बुधवारी दुपारी मंजूषाचा डच भाषेचा वर्ग असायचा. सारंग त्या दिवशी घरून काम करायचा आणि संहिताला सांभाळायचा. गेल्या बुधवारी वर्गात भूतकाळाची रूपं शिकवली होती. ती तिला अजून येत होती. तिने मनातल्या मनात म्हणून पाहिली. मी होते. तू होतास. ती होती.

“पूर्णिमा, मी आले नव्हते.”

पलीकडे टीव्ही बंद झाला.

“तुला बरं नाहीये का?” पूर्णिमाने अगदी जपून विचारलं. “सारंग म्हणत होता, मंजू अधूनमधून विसरते हल्ली. डॉक्टरकडे जाऊन ये ना.”

५

उरलेले फोटो तिने त्याच दुपारी एकापाठोपाठ एक उघडले. ती बाई टाऊन हॉलच्या पायरीवर होती, अजून पाठमोरी. मिनाराच्या सावलीत होती, एका बाजूने. किल्ल्याच्या एका बुरुजात खडक फोडून खोदलेली खोल विहीर आहे आणि पाणी ओढायला लाकडी चाक आहे. त्या चाकाला धरून ती उभी होती आणि कॅमेऱ्याकडे बघून मान मागे टाकून हसत होती.

तो मंजूषाचा चेहरा होता.

ती बराच वेळ कारणं शोधत बसली. सारंगने जुना फोटो चिकटवला असेल. पण बाईची सावली चाकावर पडली होती, चाकाची तिच्या अंगावर. मंजूषासारखाच तिचा पुढचा दात तुटका होता, तोही डावीकडचाच. मंजूषाने पासपोर्ट काढून पाहिला. युक्रेनचं काही त्यात नव्हतं. म्हणजे आपण वेड्या नाही, आपण गेलो नाही. हे सिद्ध झाल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं.

सारंग संध्याकाळी आला तेव्हा ती बैठकीच्या खोलीत दिवा न लावता बसली होती. लॅपटॉपवर तो फोटो उघडा होता. संहिता शेजारच्या मुलीकडे खेळायला गेली होती.

“ही कोण?”

या वेळी त्याने पाहिलं. कोट न काढताच तो समोर बसला.

“मला वाटलं, तूच आलीस,” तो म्हणाला. “एप्रिलमध्ये. मी पुलावरून जात होतो आणि समोरून तू आलीस. मला सरप्राइज द्यायला, असं वाटलं. ‘किती उशीर केलास’ म्हणाली. सगळं तेच, मंजू. आवाज, चालणं. आपलं भांडण झालं होतं निघताना, तेही तिला ठाऊक होतं.”

“त्या संध्याकाळी तू मला इथे फोन केला होतास. मी उचलला होता.”

“हो.”

“म्हणजे त्याच दिवशी तुला कळलं.”

त्याने मान हलवली.

“आणि तरी पुन्हा गेलास.”

तो कोटाच्या बटणाशी चाळा करत राहिला.

“कोण आहेस, असं विचारलं नाहीस तिला?”

“विचारलं. ‘मंजूषा’ म्हणाली. मग पुन्हा नाही विचारलं.” त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. “तुला कसं सांगू. ती हसते. तू पुण्यात हसायचीस तशी. इथे आल्यापासून तू... मी घरी आलो की तू बघतेस माझ्याकडे, मीच तुला इथे पुरलंय असं. ती तसं बघत नाही. संहिताशी खेळते, गाणी म्हणते...”

तो थांबला. पण उशीर झाला होता.

“संहिताशी?” मंजूषा म्हणाली. “या घरात?”

“तू वर्गाला जातेस तेव्हा.”

मंजूषाला भीती वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. त्या क्षणी तिला फक्त एवढंच जाणवत होतं, की दुसरी कोणी असती तर निदान तिला नावं ठेवता आली असती. तिचं नाक, तिचा रंग, तिचं वय. इथे काय नावं ठेवायची? याला मीच हवी होते. फक्त मी नको होते.

“पूर्णिमाला सांगितलंस, मी विसरते म्हणून.”

“काहीतरी सांगावं लागणारच होतं ना.”

तो मग रडला. म्हणाला, चुकलं. म्हणाला, तिला आता सांगून टाकतो, येऊ नकोस. कार्यक्रम तुझा आहे, तूच बोलायचंस. मंजूषाने त्याच्यावर विश्वास ठेवला. ठेवला नसता तर त्या घरात झोपायचं कसं?

सकाळी सायकलवर मागे बसलेल्या संहिताला तिने, जणू सहज, विचारलं, “बुधवारी मी नसते तेव्हा घरी कोण येतं गं?”

“तू,” संहिता डचमध्ये म्हणाली. थोडं पुढे गेल्यावर तिने आईच्या पाठीला गाल टेकवला आणि डचमध्येच म्हणाली, “तेव्हा तू घाईत नसतेस.”

६

मेळावा रविवारी दुपारी होता. प्रोजेक्टर, पडदा आणि मसालेभाताचं मोठं पातेलं यांनी गाडी भरली. पुढच्या सीटवर संहिता बसली. “तू आरामात ये,” सारंग म्हणाला. “एकदा शांतपणे उजळणी कर. आम्ही पुढे जाऊन सगळं मांडून ठेवतो.” जाताना त्याने तिच्या कपाळावर ओठ टेकले. खूप दिवसांनी.

तिने उजळणी केली. जांभळी पैठणी नेसली. स्टेशनवर गेली तर रुळांच्या कामासाठी गाड्या बंद होत्या, त्याऐवजी बस. ती बस गावोगाव हिंडत आम्स्टरडॅमला पोचली, तिथून दुसरी. वाटेत तिने सारंगला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मग पूर्णिमाला.

“हॅलो, कोण?” मागे हॉलमधला गलबला होता.

“अगं, मी मंजू. गाड्या बंद आहेत, उशीर होतोय. काकांना सांग, मी...”

“कोण बोलतंय?” पूर्णिमाचा आवाज बारीक झाला. मग ती फोनपासून तोंड वळवून कोणाला तरी म्हणाली, “बघ ना, तुझ्याच नंबरवरून येतोय. फोन कुठे विसरलीस?” आणि फोन बंद झाला.

बसच्या खिडकीबाहेर सपाट हिरवी कुरणं सरकत होती. मंजूषाने मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी घट्ट धरली. काहीतरी गोंधळ आहे, ती स्वतःला सांगत राहिली. पोचलं की मिटेल. मी तिथे उभी राहिले की सगळ्यांना दिसेल. दोन बायका समोरासमोर उभ्या राहिल्या, तर लोकांना ठरवावंच लागेल.

हॉलचं दार बंद होतं. दाराला उभी अरुंद काच होती. आत अंधार, समोर पडदा उजळलेला, खुर्च्यांवर ओळखीच्या पाठी. दाराजवळच्या टेबलाशी सारंग लॅपटॉप चालवत होता. त्याला टेकून संहिता उभी होती.

पडद्याशेजारी उभी राहून फोटोतली ती बोलत होती.

“चौकात एक विहीर आहे,” काचेतून आवाज येत होता. वाक्याच्या शेवटी किंचित वर जाणारा. “अशी आख्यायिका सांगतात, की एका आर्मेनियन व्यापाऱ्याने मरताना तिच्यासाठी पैसा ठेवला. वर्षानुवर्षं खडक फोडला. पाणी लागलं ते कडू. पण लोकांनी विहीर बुजवली नाही. वर छान घुमटी बांधली.” ती हसली. “मी चाखलंय ते पाणी. इतकंही वाईट नाही.”

लोक हसले. गुरुनाथकाकांनी टाळी वाजवली. विहिरीची ती आख्यायिका मंजूषाने भाषणातून गाळली होती, खात्रीचा आधार मिळाला नाही म्हणून.

सारंगने पुढचा फोटो लावला. एक फोटो जाऊन दुसरा येईपर्यंत पडदा निमिषभर काळा झाला. दरवाजावरच्या हिरव्या दिव्याचा मंद उजेड हॉलभर होता. त्यात खुर्च्या दिसत होत्या, पडद्याचा स्टँड दिसत होता, पाण्याचा ग्लास दिसत होता. स्टँडशेजारी कोणी नव्हतं. आवाज मात्र न थांबता बोलत होता. फोटो लागला, आणि ती पुन्हा तिथे होती, हात हलवत.

लोक पडद्याकडे बघत होते. पण सारंगने पाहिलं होतं. तो खुर्चीतून अर्धवट उठला होता. मग त्याने फोटो बदलायची गती वाढवली. भराभर, एकावर एक, अंधार राहूच नये म्हणून.

मंजूषाने काचेवर बोट वाजवलं.

संहिताने मान वळवली. तिने आईला पाहिलं. पैठणी पाहिली, काचेला टेकलेलं कपाळ पाहिलं. तिचा हात वर गेला. सारंगने तिकडे पाहिलं आणि तो छोटा हात हळूच धरून खाली घेतला.

तो दारापाशी आला. काचेच्या अलीकडे ती, पलीकडे तो, वीतभर अंतर. त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ नव्हता. यातली खरी कोण, असा प्रश्न त्याला पडलाच नव्हता. त्याने तिला ओळखलं होतं. बारा वर्षं ओळखत असलेल्या बायकोकडे बघावं तसा तो बघत होता, डोळे भरून.

“उघड,” ती म्हणाली.

त्याने मागे वळून एकदा पडद्याकडे पाहिलं. मग खाली वाकला. आतली कडी सरकल्याचा आवाज आला.

तिने दोन्ही हातांनी दार बडवलं. आत काही माना वळल्या. पूर्णिमा उठायला लागली. “कोण आहे रे सारंग?” काकांचा आवाज आला.

“कोणी नाही,” सारंग म्हणाला. “वाऱ्याने दार वाजतंय.”

मंजूषाच्या मागे रस्त्यावरच्या झाडाचं एक पानही हलत नव्हतं.